चपलांची लाइन

आमच्या गल्लीत घरोघरी नळ आहेत. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले आहेत. उन्हाळ्यात त्यांच्यावर बाजाराच्या पिशव्या अडकवायला बरं पडतं. पाणी मात्र टँकरनं येतं, आणि टँकर त्याच्या मर्जीनं येतो. त्यामुळे पांढरकवड्याच्या अलीकडे, हैदराबादच्या हायवेला लागून वॉटर पार्क होणार असं गावात समजलं तेव्हा मी हसले. मला वाटलं, कुणीतरी चेष्टा करून राहिलं. मग जेसीबी आले, ट्रेलरवरून माणूस मावेल अशा निळ्या नळ्या आल्या, आणि पाहता पाहता कापसाच्या वावरात तीन मजली घसरगुंडी उभी राहिली. त्या नळ्यांतून दिवसभर पाणी वाहणार होतं. मग आमच्याच नळांनी काय पाप केलं, हे विचारायला मी कुठं गेले नाही. उत्तर माहीत होतं. तिथं तिकीट होतं.

पार्क काढणारा माणूस आमच्याच भागातला जिनिंगवाला शेठ. माणूस वाईट नाही. वडिलांच्या पुण्यतिथीला तो दरवर्षी आमच्या गल्लीत एक टँकर पाठवायचा, टँकरवर वडिलांचा हार घातलेला फोटो लावून. एकदा तो स्वतः टँकरसोबत आला आणि तेव्हा त्यानं मला लाइन लावताना पाहिलं.

मी शिवणकाम करते. आमचे हे वणीला कोळशाच्या ट्रकवर असतात. घरी आले की झोपतात, उठले की जातात. म्हणजे घरात रागवायला माणूस नाही, आणि राग तर मला भरपूर येतो. तो सगळा मी टँकरच्या लाइनीवर काढायची. माझे नियम साधे होते. ज्याचा गुंड, म्हणजे पाण्याची कळशी, लाइनीत, त्याचा नंबर. माणूस तिथं उभा असो की घरी भाकरी थापत असो. नंबर घरामागे एक. घरात दोन माणसं असोत की बारा. ज्या घरी बाळंतीण, ते घर सगळ्यात आधी. आणि कुणाला भांडायचंच असेल तर त्यानं आपला नंबर सोडून, बाजूला जाऊन, मनसोक्त भांडावं. या शेवटच्या नियमामुळे आमच्या गल्लीतली भांडणं निम्म्यानं कमी झाली.

या कामात माझा उजवा हात म्हणजे समोरची भाभी. तिचा नवरा हायवेवर ट्रकचे पंक्चर काढतो. घरात सहा माणसं, आणि जीभ अशी धारदार की तिच्यापुढे माझी कात्री बोथट. एरवी तिचं माझं पटायचं नाही. माझ्या मशीनच्या आवाजानं तिच्या सासऱ्यांची झोप मोडते आणि तिच्या कोंबड्या माझ्या ओट्यावर घाण करतात, हा आमचा जुना खटला. पण टँकरचा हॉर्न वाजला की आम्ही एका पक्षाच्या.

पार्क सुरू झाला आणि पहिल्याच रविवारी मोठ्या घसरगुंडीवर मारामारी झाली. एक घर महागावकडचं, एक आदिलाबादकडचं, आणि बसून घसरायची ट्यूब एकच. दुसऱ्या दिवशी शेठची गाडी माझ्या दारात. मला वाटलं, ब्लाउजचं माप द्यायला शेठाणी आली. ड्रायव्हर म्हणाला, शेठनं बोलावलं.

शेठच्या काचेच्या ऑफिसातून सगळा पार्क दिसायचा. शेठ म्हणाला, "ताई, तुम्ही त्या टँकरवर लाइन लावत होत्या ना, तशी इथं लावून द्या."

मी म्हटलं, "शेठ, तिथं लोकं पाण्यासाठी भांडते. इथं कायसाठी भांडून राह्यले?"

शेठ गंभीरपणे म्हणाला, "पाण्यासाठीच."

पगाराचं त्यानं सांगितलं, ते बरं होतं. पण माझ्या डोक्यात दुसरंच आलं. खिडकीतून बोअरच्या पाण्याची ती जाड धार लाटांच्या हौदात पडताना दिसत होती. आमच्या गल्लीनं ती धार पाहिली असती तर हात जोडले असते. मी म्हटलं, काम करते, पण उन्हाळाभर माझ्या गल्लीत तुमच्या बोअरचा एक टँकर रोज पाठवा. शेठ व्यापारी माणूस, त्यानं लगेच दिवसाआडवर आणलं. मी मान डोलावली. मग तो म्हणाला, "पण लाइन हलली पाहिजे, ताई. लोकं मोबाइलवर लिहून राह्यले, दोन तास उभं राहा अन् दोन सेकंद भिजा. लाइन नाही हलली तर मी मशीन आणतो. प्रत्येकाच्या हाताले पट्टा, पट्ट्यावर नंबर. मग मले माणूस लागत नाही."

म्हणजे हिशेब सरळ होता. घसरगुंडीची लाइन हलली तर मी, मी असले तर टँकर. लाइन थांबली की आमची गल्ली तहानली.

हे गल्लीत समजलं आणि मी एका दिवसात मोठी झाले. ज्या बायका मला मागून फौजदारीण म्हणायच्या, त्या तोंडावर मॅडम म्हणू लागल्या. दिवसाआड टँकर यायचा, अगदी वेळेवर, आणि त्यावर आता फोटोही नसायचा. भाभी मला बाजी, म्हणजे मोठी बहीण, म्हणते; म्हणाली, "बाजी, आप तो बडे आदमी हो गये." माझ्या मशीनचा आवाज तिच्या सासऱ्यांना अचानक सोसू लागला, आणि रविवारी तिच्याकडून बिर्याणीचा डबा येऊ लागला. मला हे सगळं आवडलं. खोटं कशाला बोलू, फार आवडलं.

पार्कात माझ्या आधीपासून एक नियोजनवाले साहेब होते, हैदराबादहून आणलेले. सडपातळ, नम्र, बोलायचे हिंदीत, मधूनमधून शिकलेलं मराठी. त्यांनी मला पहिल्या दिवशी उन्हात उभं करून नीट समजावलं. घसरगुंडी किती माणसं गिळणार ते ठरलेलं आहे. खालचा माणूस ट्यूबसकट बाजूला झाल्याशिवाय वरचा सोडायचा नाही. घाई केली तर एकाच्या डोक्यावर एक. म्हणून घसरगुंडीचा वेग वाढवता येत नाही. वाट पाहणाऱ्यांना वाट पाहतोय असं वाटू द्यायचं नाही, तेवढंच आपल्या हातात असतं. मला ते पटलं. लग्नाच्या पंगतीत आपण यापेक्षा वेगळं काय करतो? आधी पत्रावळ मांडतो, मग मीठ वाढतो, मग लिंबू. माणूस बसून राहतो आणि त्याला वाटतं जेवण सुरू झालं.

वाट पाहणाऱ्यांसाठी साहेबांनी लोखंडी पाइपांची वळणावळणाची वाट केली होती आणि तिच्या तोंडाशी एक दिव्यांचा बोर्ड. आत किती माणसं उभी आहेत ते यंत्र मोजायचं आणि बोर्डावर किती मिनिटं लागतील ते दाखवायचं. सगळं शास्त्रशुद्ध. फक्त ते पाइप मे महिन्यात आमच्या जिल्ह्यात उभे होते. दुपारी त्यांच्यावर पापड भाजले असते. लोक पाइपाला हात लावत नव्हते, त्यांच्याखालून रांगत पुढे जात होते, आणि पुढे गेल्यावर म्हणत होते, आम्ही आधीपासून इथंच आहो.

एका दुपारी एक म्हातारबुवा माझ्याकडे आले. तळपाय उचलत, टाकत, उचलत. म्हणाले, "बाई, मी चप्पल ठेवून सावलीत जाऊ का? माहा नंबर आला की येतो." मी म्हटलं, जा ना बाबाजी. त्यांच्यामागच्या बाईनं ते पाहिलं आणि तिनंही चपला काढल्या. तिच्यामागच्यानं बूट. अर्ध्या तासात त्या वळणावळणाच्या वाटेत माणूस उरला नाही. सगळ्या चपलाच उभ्या, एकामागे एक, शहाण्या मुलांसारख्या. आणि त्यांचे धनी गळ्यापर्यंत लाटांच्या हौदात.

ही पद्धत मी काढली असं शेठ आजही पाहुण्यांना सांगतो. मी काही काढलं नाही. आमच्याकडे हे कुणी काढत नाही, ते असतंच. रेशनच्या दुकानापुढे दगड असतो, टँकरपुढे गुंड असतो, कापूस खरेदीच्या केंद्रापुढे ट्रॅक्टर उभा असतो आणि त्याचा मालक गावात लग्न जेवत असतो. वस्तू उभी राहते, माणूस आपलं काम करतो. पाण्याच्या पार्कात माणसाला पाण्यात बसायचं काम होतं, एवढाच फरक.

मी माइकवर ओरडायची, "निळ्या पट्ट्याच्या स्लिपरवाले, चला. लाल सँडलवाल्या वहिनी, चला. पांढऱ्या बुटाचे साहेब, तुम्ही मागं आहात, तुमच्या बुटाले मी वळखते." लोक हसत हौदातून निघायचे. उन्हात उभं राहायला कुणी नव्हतं, म्हणून भांडायलाही कुणी नव्हतं. आणि बोर्ड? बोर्ड माणसं मोजायचा. माणसं नव्हतीच. भर रविवारी बोर्ड म्हणायचा, पाच मिनिटं. शेठ काचेतून बोर्डाकडे बघून खूष व्हायचा.

साहेबांना काळजी वाटली. ते म्हणाले, "मॅडम, बोर्ड को चप्पल नहीं दिखती. और एक जोडी, एक आदमी, ये रूल रखिए. नहीं तो किसी दिन फसेंगे."

मी म्हटलं, "साहेब, आमच्याकडे नंबर घरामागं असते. मायनं चप्पल ठेवली तं पोट्ट्यानं वेगळी कायले ठेवायची?"

साहेब बोर्ड तपासायला गेले. ते बरोबर होते हे मला लवकरच समजलं, पण तोपर्यंत नियम रुळला होता आणि रुळलेला नियम बदलायचा म्हणजे बाईमाणसाची मोठी नाचक्की. छोट्या भानगडी तर रोजच्याच होत्या. एकदा कुत्र्यानं एका तलाठ्याचा नंबर तोंडात धरून पळवला. एकदा दोन घरांच्या चपला सारख्याच निघाल्या, एकाच दुकानातल्या, आणि दोन्ही घरं घसरगुंडीच्या जिन्यात एकमेकांना परके म्हणू लागली. पण ते मी निभावून नेलं. टँकर दिवसाआड येत होता.

मग लग्नसराईतला तो रविवार आला. लाइन सकाळीच कॅन्टीनपर्यंत गेलेली, माझा आवाज बसलेला, आणि घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, तशा दोन ट्रॅव्हल्स फाटकातून आत आल्या. वऱ्हाड. आदल्या दिवशी लग्न लागलेलं. हे आमच्याकडे हल्ली नवीन निघालं आहे. पंगत झाली, आंदण झालं, आहेर झाले, तरी मुलीच्या बापाचं मन भरत नाही. वरून तो मुलाकडच्यांना एक दिवस वॉटर पार्क दाखवतो.

मुलीचा बाप सरळ सगळ्या चपलांच्या बाजूनं चालत आला आणि अगदी पहिल्या चपलेच्याही पुढे त्यानं जरीची मोजडी ठेवली. नवरदेवाची. मी म्हटलं, "भाऊ, नंबर मागं हाये."

तो म्हणाला, "बाई, नवरदेव हाये. अंगावरची हळद नाही उतरली अजून."

मी तोंड उघडणार, तोच हौदातून आणि सावलीतून लोकच म्हणायला लागले, जाऊ द्या ना बाई, नवरदेव हाये. वणीचं एक कुटुंब सकाळपासून अर्ध्या नंबरासाठी माझ्याशी वाद घालत होतं. त्यांनी स्वतः उठून आपल्या चपला मागे सरकवल्या. हळदीच्या अंगाला आडवं कोण जाणार? मी मोजडीकडे पाहिलं आणि विचारलं, घर कोणतं? मुलीच्या बापानं दोन्ही ट्रॅव्हल्सकडे हात केला. म्हणाला, "हे सगळं एकच घर झालं ना आता, कालपासून."

माझाच नियम होता. मी बाजूला झाले.

दोन ट्रॅव्हल्सचं ते एक घर नवरदेवामागे जिन्यात चढलं. जिना खालपासून वरपर्यंत भरला. आता नवरदेव उतरल्याशिवाय त्यातलं कुणी उतरणार नव्हतं, कारण त्याच्या आधी उतरणं म्हणजे त्याचा अपमान. आणि नवरदेव वर जाऊन थांबला. वरच्या मजल्यावर शिटी घेऊन उभी असणारी पार्कातली कामावरची मुलगी वॉकीटॉकीवर बोलू लागली.

"ताई, नवरदेव बसत नाही."

"काहून?"

"म्हणते ट्यूब जुनी हाये."

नवी ट्यूब वर पाठवली. थोड्या वेळानं पुन्हा, "ताई, म्हणते सासऱ्यानं हात धरून बसवलं पाहिजे." सासरा गुडघे धरत, देवाचं नाव घेत तीन मजले चढला. पुन्हा, "ताई, म्हणते साळा माह्यापुढं काहून उभा राह्यला." साळा खाली पाठवला. खाली यायला जिन्यात जागा नव्हती, म्हणून तो कठड्याला चिकटून राहिला. त्या साळ्याचा रंग आता जावयापेक्षा जास्त पिवळा पडला होता.

इकडे जिन्यात अख्खं वऱ्हाड उभं. ती माणसं होती, चपला नव्हत्या, त्यामुळे बोर्डाला ती बरोबर दिसली. इतके दिवस पाच मिनिटं म्हणणारा बोर्ड लाल झाला आणि त्यावर असा आकडा आला की लोक त्याचे फोटो काढायला लागले. हौदातल्या लोकांचे हात पाण्यानं सुरकुतले. ज्यांनी मघाशी जाऊ द्या ना म्हटलं, तेच आता म्हणत होते, या बाईले लाइन लावता येत नाही.

मोबाइल वाजला. शेठ. काचेमागे उभा असलेला मला दिसत होता. "ताई, बोर्ड पाहून राह्यल्या ना? उद्या सकाळी मी मशीनवाल्याले फोन करतो. वाईट वाटून घेऊ नका."

नोकरीचं नंतर. उद्या टँकरचा दिवस होता, आणि गल्लीनं आपले माठ त्या भरवशावर रिकामे केले असणार. तो टँकर चुकला तर मी कुणाला काय तोंड दाखवू? मी चपला काढल्या, आणि वऱ्हाडातून वाट काढत जिना चढू लागले.

वर नवरदेव ट्यूबपाशी उभा होता. चेहऱ्यावर सगळ्या जगाचा राग, आणि दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरलेला. मी त्याच्या अगदी जवळ गेले. हळूच विचारलं, "बापा, तुले भेव लागते का?"

"नाही."

त्यानं एकदा त्या काळ्या नळीच्या तोंडात पाहिलं. म्हणाला, "गंज भेव लागते, ताई. पण आता कसं सांगू? सगळे पाहून राह्यले."

पोरगा खोटारडा नव्हता. जावयाला भीती वाटायची सोय आपण ठेवलेलीच नाही. रुसायची तेवढी ठेवली आहे. म्हणून तो बिचारा रुसत होता. मला त्याची कीव आली आणि त्याच वेळी असा राग आला की त्याला ढकलून द्यावं. दोन्ही मी गिळलं.

वरमाय, म्हणजे नवरदेवाची आई, मधल्या वळणावर जिन्यातच बसली होती. जाडजूड, गंभीर बाई. पार्कचे भाड्याचे नायलॉनचे कपडे अंगात, आणि त्यांना पदर नसतो म्हणून डोक्यावर टॉवेल घेतलेला. लग्नातली जिलबी गार होती, हे ती दोन दिवस सगळ्यांना सांगत होती. येता येता तिनं मलाही सांगितलं होतं. मी कठड्यावरून वाकून, खालपर्यंत ऐकू जाईल असं म्हटलं, "अहो, तुम्ही कसे लोकं? नवरदेव कसा उतरेल? वरमायचा मान पहिला असते ना. माय उतरल्याशिवाय लेक उतरत नाही, म्हणून तर तो थांबून राह्यला."

हा रिवाज त्या क्षणी जन्मला होता. पण जिन्यात एकाही माणसानं हा कुठला रिवाज असं विचारलं नाही. उलट एक म्हातारा म्हणाला, बरोबर आहे, आमच्या काळी असंच होतं. त्याच्या काळी वॉटर पार्क कुठं होता? पण मुलीच्या बापानं तर कपाळाला हात लावला, एवढा मोठा मान राहून गेला म्हणून. सगळ्यांनी बाजू दिली आणि वरमाय वर आली.

मी तिला ट्यूबमध्ये बसवलं. तिनं टॉवेल नीट केला, लेकाकडे एकदा रागानं पाहिलं, आणि गेली. नळीतून काही आवाज आला नाही. मग खाली हौदात भसकन पाणी उडालं. टॉवेल एकीकडे, ट्यूब एकीकडे, आणि मधोमध वरमाय, केस मोकळे, कमरेएवढ्या पाण्यात. मला वाटलं, आता नोकरीही गेली आणि बाईही. तिनं तोंडावरचं पाणी पुसलं, वर पाहिलं आणि हसली. दोन दिवसांत ती पहिल्यांदा हसली असणार, कारण अख्खं वऱ्हाड गारद झालं. मग तिनं एकच शब्द म्हटला, "पुन्हा."

वरमायला नाही कोण म्हणणार? ती पुन्हा चढली. पण मान फिटला होता, आता कुणालाही उतरायला हरकत नव्हती. नवरी इतका वेळ गुपचूप उभी होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, तिला सगळं समजलं असावं, आणि ती दोन्ही हात वर करून एकटी खाली गेली. मग जिना मोकळा झाला. नवरदेव मायला सांभाळायचं निमित्त करून माझ्याबरोबर जिन्यानं उतरला आणि दिवसभर सगळ्या घराचे मोबाइल धरून उभा राहिला. इतका सुखी जावई मी दुसरा पाहिला नाही. वरमाय संध्याकाळपर्यंत उतरतच होती. जिलबीचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

शेठनं मशीनवाल्याला फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी टँकर गल्लीत आला आणि भाभीकडून डबा आला, रविवार नसताना. मी ओट्यावर बसून दोन घास जास्तच खाल्ले.

वरमायचा व्हिडिओ कुणीतरी काढलाच होता. डोक्यावर टॉवेल, गंभीर चेहरा, आणि मग ते हसणं. तो वणीला गेला, आदिलाबादला गेला, मला वाटतं माझ्याशिवाय सगळ्यांना आला. पुढच्या रविवारी फाटकाबाहेर हायवेवर गाड्या उभ्या. प्रत्येक वऱ्हाडाला आता वरमाय आधी उतरवायची होती. रिवाज पक्का झाला. शेठनं वरमायला गुलाबी ट्यूब ठेवली. साहेबांनी आणखी पाइप लावले. मी दिवसभर माइकवर, आणि चपलांची लाइन हायवेच्या दिशेनं वाढत चालली. लाइन हलत होती. शेठ म्हणाला, ताई, तुम्ही पार्कचं नशीब काढलं.

माणसं दुप्पट झाली की पाणीही दुप्पट लागतं. प्रत्येक माणूस अंगाला लावून थोडं पाणी घरी नेतो, साहेबांनी मला समजावलं, आणि बाकीचं ऊन नेतं. जूनच्या तोंडावर बोअरची जाड धार करंगळीएवढी झाली. लाटांचा हौद खाली जाऊ लागला, कडेची निळी फरशी कोरडी दिसायला लागली. तेव्हा आमच्या गल्लीत येणारा टँकर धरणाकडून पाणी भरून पार्कात येऊ लागला. दिवसाआड नाही, दिवसातून तीन-तीन खेपा.

मी शेठकडे गेले. त्यानं मला बसायला सांगितलं, चहा मागवला. म्हणाला, "ताई, मी शब्दाचा पक्का माणूस हाये. पण पाहा, तुमच्यामुळंच गर्दी वाढली. आता हौद रिकामा दाखवला तं लोकं काय म्हणतीन? सीझन संपू द्या." मला त्याचा राग आला, आणि तो खरंच बोलत होता. मशीन येऊ नये म्हणून मी तो जिना चढले, आणि मशीन न येताच टँकर गेला. नोकरी सोडू का? सोडली तरी टँकर येणार नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. चहा मात्र मी पूर्ण प्यायले, कारण घरी चहाला पाणी नव्हतं.

गल्लीत कुणी मला काही बोललं नाही. बोलले असते तर मी चार ऐकवले असते आणि मोकळी झाले असते. फक्त मॅडम म्हणणं बंद झालं आणि डबा बंद झाला. फौजदारीणही कुणी म्हणत नव्हतं.

एका संध्याकाळी मी पार्कातून परत आले, केस ओले, अंगाला हौदाच्या पाण्यातल्या औषधाचा वास. गल्लीत पंचायतीचा टँकर उभा होता, किती दिवसांनी कोण जाणे. लाइन लागलेली. मी माझा गुंड शोधला. दिवसभर घरी नसणाऱ्यांचे गुंड शेजारीपाजारी ठेवून देतात, ही आमच्याकडची रीत. सुटीवर गेलेल्या मास्तरांचाही गुंड लाइनीत होता. माझा नव्हता. तो माझ्या ओट्यावर उपडा होता, मी सकाळी ठेवला तसा.

भाभी लाइनीत होती. ती रागानं बोलली नाही. म्हणाली, "बाजी, तुमचा नंबर नाही लावला. आम्हाले वाटलं, तुम्ही आता तिकडच्या."

मी गुंड आणून सगळ्यांच्या मागे उभी राहिले. कपडे बदलायलाही गेले नाही. पुढे दोन बायका नंबरावरून भांडू लागल्या. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. त्या भांडणात भाभीचा गुंड मागे मागे सरकत आला आणि शेवटी तिच्यामागे मी एकटीच राहिले. तिचा गुंड भरत आला आणि टँकरचा पाइप गुरगुरायला लागला. ड्रायव्हरनं पाइप उचलून झटकला, दोन थेंब पडले. म्हणाला, संपलं.

भाभीनं भरलेल्या गुंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या घरी सहा माणसं होती. तिनं गुंड कमरेवर घेतला आणि घरात गेली. मला फार वाईट वाटलं. पण मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.